उसना शनिवार

रूबेनमामा, तुमचा शनिवार मी काढून घेतला होता.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या तीन वर्षं आधीची गोष्ट. दिघीच्या धक्क्यावरच्या पत्र्याच्या ऑफिसात बसून मी लाँचवरच्या पाच माणसांच्या सुट्ट्यांचा तक्ता केला, तुमच्या नावापुढे ‘बुधवार’ लिहिलं आणि खाली ऐटीत सही केली. तुम्ही बेने इस्रायल, कोकणातले यहुदी. अख्खा किनारा तुम्हा लोकांना शनिवार तेली म्हणून ओळखायचा. तुमच्या आज्यापणज्यांनी तेलाचे घाणे चालवले, पण शुक्रवारी सूर्य बुडाल्यापासून शनिवारी तो पुन्हा बुडेपर्यंत घाण्याचा बैल कधी जागचा हलला नाही. हे बोर्ली पंचतनच्या बाजारातल्या शेंगदाणेवालीलाही ठाऊक होतं. मलाही होतं. अज्ञानाने झालं असतं तर आज हे लिहायला बसलो नसतो.

तुम्हाला माती देऊन आज नववा दिवस. लोक येतात, तुमच्या शांत स्वभावाबद्दल बोलतात आणि चहा पिऊन जातात. मी मान हलवतो. शांत तुम्ही होतातच. पण तुमच्या शांतपणाचा मला जेवढा मार बसला तेवढा शाळेत गुरुजींच्या छडीचाही बसला नव्हता. तुम्ही गेलात आणि मला आठवलं की एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहूनच गेली. सात वर्षं रोज दुपारी आपण एकाच बाकावर बसत होतो, तरी राहून गेली.

लाँच आपली दिघीहून पलीकडे आगरदांड्याला जायची आणि परत यायची. सातही वार. कंपनीने प्रत्येकाला आठवड्याची एक सुट्टी दिली होती, पण कुणी कधी घ्यायची हे तुम्ही मंडळींनी मी यायच्या आधीच आपसात लावून टाकलं होतं. ईदला इस्माईलभाई तांडेल घरी, त्यांच्या सुकाणूवर पांडूदादा कोळी. नारळी पुनवेला पांडू घरी, त्याचा दोर इस्माईलभाईंचा धाकटा भाऊ गुलाम टाकायचा. गणपतीत मी गावाला गेलो की तिकिटांच्या खिडकीत तुम्ही. आणि दर शनिवारी तुमच्या इंजिनावर गुलाम. याला तुम्ही ‘उसना दिवस’ म्हणत होतात. कागदावर काही नाही. मात्र ज्याने दिवस उसना घेतला त्याने दुसऱ्या दिवशी घरचा डबा आणायचा, दुपारी लाँच धक्क्याला लागली की तो उघडायचा, आणि पाचही जणांनी त्यातून खायचं. एक जरी माणूस खायचा राहिला तरी दिवस फिटला असं कुणी धरत नसे.

त्या डब्यांनी मला माणसांत आणलं, मामा. मी भातशेतीवाल्या कुणब्याच्या घरातला पहिला मॅट्रिक, घराण्यात हातात पेन धरणारा पहिला, आणि ते पेन मी असं धरायचो की जणू धक्का त्याच्यावरच उभा आहे. राहेलमामींचा गव्हाच्या चिकाचा हलवा आणि इस्माईलभाईंच्या घरचा शीरखुर्मा मी पहिल्यांदा त्या लाँचवर खाल्ला. माझ्या पहिल्या उसन्या दिवसाला मी काय आणलं होतं हे तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाहीत, म्हणून मीच सांगतो. कोलंबीची खिचडी. खवलं नसलेली मासळी तुमच्यात चालत नाही हे मला माहीत नव्हतं. तुम्ही डब्याचं झाकण उघडलंत, बंद केलंत, डबा पुढे सरकवलात आणि म्हणालात, “पांडू, आज तुझं नशीब जोरावर.” वरचा नुसता कोरडा भात चिमूटभर उचलायलाही तुम्हाला जमेना, म्हणून माझ्या पिशवीतलं केळं काढून खाल्लंत. “दत्तूच्या घरचंच आहे ना? फिटला दिवस,” म्हणालात.

त्या वर्षी गुलामला बोटीवर नोकरी लागली. एप्रिलअखेर तो जायचा होता. त्याच्या जागी कंपनीने भिकाजीला पाठवलं. भिकाजी वरच्या गावातला. त्याच्या वाडीने नुकताच बौद्ध धर्म घेतला होता. त्याआधी गाव त्यांना काय म्हणायचं ते तुम्हाला आणि मला सारखंच माहीत होतं. त्याचा अर्ज माझ्याकडे आला. अर्जात लिहिलं होतं की हा माणूस सात वर्षं सैन्यात गाड्यांची इंजिनं दुरुस्त करत होता. ते मी वाचलं नाही. आडनाव वाचलं आणि पुढे वाचायची गरज वाटली नाही. त्याला म्हटलं, “दोर टाकायचा, दोर ओढायचा, फळ्या धुवायच्या. जमेल ना?”

“जमंल साहेब,” तो म्हणाला. इंजिनवाला माणूस दोर ओढायला लावला, आणि वर त्याला विचारलं जमेल का.

तीन आठवडे बरे गेले. मग एके दिवशी सकाळी भिकाजी खिडकीशी आला. अंगावर स्वच्छ सदरा, हात मागे बांधलेले, सैन्यातल्यासारखे.

“साहेब, वैशाखी पुनवेला वाडीत बुद्धवंदना हाय. धर्म घेतल्यापासनं पहिलीच. आई म्हनते, तू पायजेसच. तेवढा दिवस उसना मिळंल का? पांडूदादांना विचारलं तर म्हनले, साहेबांना विचार.”

मी म्हटलं, बघतो. तो गेल्यावर पांडूला गाठलं.

“अरे, तू घे ना त्याचा दिवस. माझ्याकडे कशाला पाठवलंस?”

“दिवस घेतो की. दोर टाकायचा, त्याचं काय हाय?” पांडू पायाच्या अंगठ्याने फळी खरवडत राहिला. “पन साहेब, दुसऱ्या दिशी डबा येनार. तुमी खाल?”

“मी?”

“तुमी खाल्लंत तर मी खाईन. घरी कारभारनीला सांगाया बरं, साहेब बी खाल्ले म्हनून.”

आता या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ ही दोनच उत्तरं होती. ‘नाही’ म्हणायची मला लाज वाटत होती, कारण मी पेपर वाचणारा माणूस. चावडीवर समतेवर भाषण केलेलं. आणि ‘हो’ म्हणायला जीभ रेटेना. माझी आई दारात उभी राहून विचारेल, कुणाच्या घरचं खाऊन आलास, तेव्हा काय सांगायचं? मी मधला रस्ता शोधला. त्याच दिवशी दुपारी तक्ता केला. प्रत्येकाला ठरलेला एक वार, कुणावर मेहेरनजर नाही, आणि खाली ठळक अक्षरांत: ‘यापुढे दिवसांची अदलाबदल बंद.’ उसना दिवस बंद, म्हणजे डबा बंद, म्हणजे प्रश्नच बंद. भिकाजीच्या वाट्याला शनिवार आला, तुमच्या वाट्याला बुधवार.

हेच सांगायचं राहिलं होतं, मामा. तक्ता समतेसाठी नव्हता, भिकाजीच्या डब्याच्या भीतीने होता.

तुम्हाला मी सांगितलं ते वेगळंच. तक्ता भिंतीवर चिकटवला तेव्हा तुम्ही चष्मा पुसून सगळा वाचलात.

“हे कुणी सांगितलं करायला?”

“कुणी नाही. आता स्वराज्य आहे, मामा. घटना आहे. सगळ्यांना एकच नियम. तुम्हाला शनिवार द्यायचा तर मग इस्माईलभाईंना शुक्रवार, मला चतुर्थी. याला अंत कुठे?”

“तुझा बाप खाऱ्या खाजणात आणि डोंगरउतारावर एकच बी पेरतो?”

“हे शेत नाही. ऑफिस आहे.”

“म्हणून विचारलं. शेतात तुला अक्कल आहे.”

एवढं बोलून तुम्ही इंजिनाकडे गेलात. मला वाटलं, जिंकलो. इस्माईलभाई सुकाणूवरून बघत होते. ते म्हणाले, “दत्ताराम, हा बुड्ढा गप्प बसला म्हणजे तू मेलास.”

पहिला शनिवार मे महिन्यातला, लग्नसराईतला. नऊच्या फेरीला धक्क्यावर अख्खं वऱ्हाड. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव घामाने निथळतोय, पलीकडच्या तीरावर मुहूर्त साडेअकराचा. तुम्ही आलात. पांढरीशुभ्र पैरण, पांढरी टोपी, नव्या वहाणा. घरून अडीच मैल चालत आला होतात, गाडीत न बसता. लाँचवर चढून इंजिनाशेजारच्या बाकावर मांडीवर हात ठेवून बसलात.

“हजेरी लाव, दत्तू. मी आलोय.”

“मामा, इंजिन.”

“तक्त्यात ‘हजर राहावे’ लिहिलंयस. हजर आहे. विस्तव पेटवणं आज माझ्याच्याने व्हायचं नाही. तू मला काढून टाकू शकतोस. तुझी सही चालते.”

तुमच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. तुमचे दोन्ही मुलगे तेव्हाच इस्रायलला जायचे अर्ज भरत होते, तुम्हीही चला म्हणून तुमच्या मागे लागले होते. तुम्ही जाणार नाही म्हणत होतात. मी त्या एका कागदाने तुम्हाला ढकलून बोटीत बसवतोय, हे मला तिथे उभा असताना कळलं. लगेच कळायला मी तेवढाही हुशार नव्हतो. नवरदेवाचा मामा माझ्या अंगावर ओरडायला लागला तेव्हा कळलं.

मग मी स्वतःच हँडल मारायला खाली उतरलो. तीन वर्षं तुम्हाला रोज मारताना पाहत होतो, त्यात काय आहे? पहिल्या फेऱ्याला काही झालं नाही. दुसऱ्या फेऱ्याला हँडल उलटं आलं, मनगटावर बसलं, आणि मी मागच्या क्रूड तेलाच्या टोपात बसलो. वर आलो तेव्हा पांढऱ्या लेंग्याचा मागचा भाग काळा कुळकुळीत. सकाळपासून रडवेला झालेला नवरदेव तेव्हा पहिल्यांदा हसला. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही बाकावरून सरकून मला जागा दिलीत आणि मी बसायच्या आधी बाकावर पिशवी अंथरलीत, बाक खराब होऊ नये म्हणून.

धक्क्यावर भिकाजी उभा होता. शनिवार त्याचा सुट्टीचा. बाजाराला निघाला होता.

“साहेब,” तो म्हणाला, “डाव्या अंगाची कळ आधी उचलायची असते. मग फिरवायचं.”

“तुला येतं?”

“अर्जात लिवलं व्हतं.”

“मग ये ना बाबा खाली.”

“आज माझी सुट्टी हाय. तक्त्यात हाय. अदलाबदल बंद हाय.” तो थट्टा करत नव्हता, मामा. खरोखर तक्ता वाचून बोलत होता. माझं लिहिलेलं इतक्या मनापासून वाचणारा तो पहिलाच माणूस, आणि मी त्याचं वाचलं नव्हतं.

तेव्हा तुम्ही बोललात. माझ्याशी नाही, त्याच्याशी.

“भिकाजी, माझा आजचा दिवस घेशील?”

“घेतो मामा. पन मला पुनवेचा पायजे.”

“दिला. तुझा दोर मी टाकीन.”

“तुमी? या वयात?”

“पांडू शिकवील. डब्यात काय आणशील?”

पांडू खाडीकडे बघायला लागला, इस्माईलभाई सुकाणूकडे, आणि मी माझ्या लेंग्याकडे. शेवटी भिकाजी हळूच म्हणाला, “आई खीर करते. तांदळाची.”

“दुधाची नको. आमच्यात मटणावर दूध चालत नाही. नारळाच्या रसातली कर म्हणावं. आणि वेलची टाक, या दत्तूच्या घरच्यासारखी कंजुषी नको.”

कुणी नुसतं ‘खाईन’ म्हणालं असतं तर भिकाजीने ते सोडून दिलं असतं. तसं म्हणणारे त्याने सैन्यात पुष्कळ पाहिले होते. पण कशी हवी ते सांगणारा माणूस खरंच खाणार आहे, हे त्याला कळलं. त्याने वहाणा काढल्या आणि खाली उतरला. एका फेऱ्यात इंजिन धडधडलं. वऱ्हाड वेळेवर पोचलं.

पुनवेला तुम्ही दोर टाकलात. सातपैकी चार वेळा पाण्यात. दुसऱ्या दिवशी भिकाजीने डबा आणला, पितळेचा, चिंचेने घासून लख्ख केलेला, आणि फळीवर ठेवून स्वतः चार हात लांब जाऊन उभा राहिला. तुम्ही त्याला हाताला धरून आणून बसवलंत. आधी स्वतः खाल्लीत. मग इस्माईलभाईंनी. मग पांडूने, डोळे मिटून, औषध घेतल्यासारखी, दुसऱ्या घासाला डोळे उघडले, तिसऱ्याला म्हणाला, “माझ्या कारभारनीला हिच्याकडं पाठवाया पायजे.” मग डबा माझ्यापुढे आला.

“माझा उपास आहे,” मी म्हणालो.

“कसला?”

“सोमवारचा.”

“आज मंगळवार.”

“मंगळवारचाच.”

तुम्ही डब्यावर झाकण लावलंत आणि भिकाजीला म्हणालात, “थोडी ठेव. याचा उपास कधी तरी सुटेल.” भिकाजीने डबा फडक्यात बांधला. त्याची बोटं गाठ मारताना दोनदा चुकली. तेवढं मला अजून दिसतं.

तक्ता मी फाडला नाही, तुम्हीच फाडू दिला नाहीत. त्यावरून पावसाळाभर आपलं भांडण चाललं होतं. मी म्हणायचो, काढून टाकतो, पूर्वीसारखं चालू द्या. तुम्ही म्हणायचात, पूर्वीसारखं म्हणजे भिकाजी यायच्या आधीसारखं? शेवटी श्रावणात आपण दोघांनी मिळून त्याच कागदाखाली नवी ओळ लिहिली. पहिला अर्धा भाग माझा: ‘दिवस आपसात बदलता येतील.’ दुसरा तुम्ही सांगितलात: ‘मात्र अमक्याशी बदलणार नाही असं कुणाला म्हणता येणार नाही.’ आणि भिकाजीला मी इंजिनावर तुमचा जोडीदार म्हणून घेतलं. कंपनीला पत्र लिहिताना त्याचा अर्ज पुन्हा काढला आणि या खेपेला शेवटपर्यंत वाचला. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

पुढच्या वैशाखात त्याचा दिवस मीच घेतला. दोर तुमच्याइतकाही टाकता आला नाही. पण खीर खाल्ली. आईने विचारलं तेव्हा खरं सांगितलं; ती दोन दिवस बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, नारळ किती घातले होते. लाँचवर त्या दुपारी मी तिसऱ्यांदा हात पुढे केला तेव्हा भिकाजी म्हणाला, “साहेब, मामांना ठेवा.”

एका गोष्टीवर मात्र आपलं शेवटपर्यंत पटलं नाही. तुमचं म्हणणं, माणसं मनाने करतात तेच टिकतं, कागदाने काय होतं. माझं म्हणणं, ज्याच्या धक्क्यावर रूबेनमामा नाही त्याने काय करायचं? तिथे पांडू माझ्याकडे पाठवणार, मी तक्ता करणार, आणि भिकाजी जन्मभर दोर ओढणार. म्हणून ओळ लिहिलेलीच हवी. तुम्ही म्हणालात, विचार करून सांगतो. गेल्या महिन्यात खोकला वाढला तेव्हाही मी आठवण केली. म्हणालात, “अजून विचार चाललाय.” ते उत्तर तुमच्याकडेच राहिलं. मला मात्र आता वाटतं, कागद आणि डबा दोन्ही लागतात. आणि तुम्हाला हे माहीत होतं, मला भांडायला मिळावं म्हणून तुम्ही कबूल करत नव्हतात.

मुलगे गेले, सुना गेल्या, नातवंडांचे फोटो आले. तुम्ही राहिलात. तुमच्यात प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. तुम्ही गेलात त्या दिवशी गावात सहाच होते. भिकाजी पहाटेच म्हसळ्याच्या रस्त्याला लागला आणि उरलेले चार घेऊन आला. कबरस्तान पलीकडच्या तीराला, म्हणून तुम्हाला लाँचनेच नेलं. इस्माईलभाईंनी सुकाणू धरलं. म्हातारे झालेत, पण कुणाला देईनात. पांडूने दोर सोडला. भिकाजी इंजिनावर. मी तिकिटं फाडली नाहीत, पण खिडकीत उभा होतो. त्या दिवशी कुणी रजा घेतली नाही, कुणी उसना दिवस मागितला नाही.

लाँचवर आता दोन नवी माणसं आली आहेत. त्यातली एक मुलगी आहे, मॅट्रिक झालेली, माझ्या खिडकीत बसते. आल्याआल्याच तिने भिंतीवरची ती ओळ वाचली आणि मला विचारलं, “हे माझ्यासाठी पण आहे ना?” मी म्हटलं, आहे. तिने लगेच पांडूशी दिवस बदलला. तुम्हाला आवडली असती. अर्ज तिचा मी आधीच शेवटपर्यंत वाचला होता.

काल राहेलमामींकडे गेलो होतो. त्याही आता मुलांकडे जातील. मी धीर केला. म्हटलं, मामी, मामांना एक सांगायचं राहून गेलं. तो तक्ता मी नियमासाठी केला नव्हता. मला भिकाजीच्या घरचं खायचं नव्हतं, तेवढ्यासाठी मी मामांचा शनिवार घेतला. सात वर्षं हे मनात ठेवून त्यांच्या शेजारी बसलो.

मामी तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “ते पहिल्याच दिवशी घरी येऊन त्यांनी सांगितलं होतं मला. या घरात तुला दत्तू कधी कुणी म्हटलंच नाही रे. ‘आमचा तो भित्रा’ म्हणायचे. तुझं नाव दत्ताराम आहे हे मला तुझ्या लग्नाच्या पत्रिकेवरून कळलं.”